बंदूक असताना लपायचं कशाला?

कराडला इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका मुलाने विचारलंय. मित्राच्या आग्रहावरून त्याने डिसऑनर्ड हा व्हिडिओ गेम घेतला, अडीच तास खेळला आणि वैतागला. त्याचं म्हणणं असं: भिंतीआड बसायचं, पहारेकरी जाईपर्यंत ताटकळायचं, दिसलो की मागचा सेव्ह, म्हणजे आधी जपून ठेवलेला खेळ, लोड करायचा आणि परत तेच. कमरेला तलवार आहे, पिस्तूल आहे, मग लपायचं कशाला? या स्टेल्थ, म्हणजे लपतछपत खेळायच्या, गेममध्ये लोकांना कसली मजा येते?

गेली बारा वर्षं मी गेमच्या लेव्हल बांधते. भिंत कुठे येणार, दिवा कुठे लागणार, कुठलं दार उघडं राहणार आणि पहारेकरी कुठून कुठे फिरणार, हे ठरवायचं माझं काम. आधी पुण्यात होते, आता सांगलीत घरूनच करते. त्यातली निम्मी वर्षं स्टेल्थमध्येच गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुम्हाला कंटाळा आला हे अगदी बरोबर आहे. भिंतीआड बसण्यात मजा नाहीच. समोरच्याचं लक्ष आत्ता कुठे आहे आणि पुढच्या क्षणी कुठे जाणार आहे, हे आपल्याला कळणं आणि आपल्याला कळलंय हे त्याला न कळणं, मजा आहे ती यात. लपणं हे त्यासाठी मोजलेले पैसे.

तुम्ही लहानपणी डबा ऐसपैस खेळला असाल. आमच्या गावभागातल्या वाड्यात तो रोज संध्याकाळी रंगायचा. ज्याच्यावर राज्य तो डब्यापासून फार लांब जायला घाबरतो, कारण मागून कुणी येऊन डबा उडवला की राज्य पुन्हा त्याच्यावरच. आमच्यातली काही पोरं न्हाणीघरातल्या अंधारात जाऊन बसायची. ती कधीच सापडायची नाहीत आणि त्यांना खेळाची मजाही कधी यायची नाही. अर्ध्या तासाने कंटाळून आपणच बाहेर यायची. खरा खेळ असायचा तो तुळशीवृंदावनाच्या आड, डब्यापासून दोन हातांवर बसलेल्याचा. राज्य असलेल्याची चप्पल त्याला दिसत असते. ती कुठल्या दिशेला वळली यावर त्याचा जीव टांगलेला असतो. ती माडीच्या जिन्याकडे वळली की दोन पावलं, पाठीत धप्पा, नाही तर डब्यावर लाथ.

तुम्ही अडीच तास न्हाणीघरात बसलात, असं मला वाटतं.

माझी स्टेल्थ गेमशी ओळख आयजीआयमुळे झाली. २००० साली आलेला, नॉर्वेतल्या इनरलूप स्टुडिओने केलेला हा गेम आपल्याकडच्या सायबर कॅफेंत आणि घरच्या कॉम्प्युटरवर अनेक वर्षं चालला. चौदा मिशन, डेव्हिड जोन्स नावाचा एकटा माणूस, काटेरी तारांची कुंपणं, टेहळणीचे मनोरे, कॅमेरे आणि अलार्म. मुख्य म्हणजे मिशनच्या मध्ये सेव्ह करायची सोयच नव्हती. चाळीस मिनिटं जपून खेळलात आणि शेवटच्या दारात गोळी लागली, की परत पहिल्यापासून. त्यात आमच्याकडे २००५-०६च्या सुमाराला भारनियमन जोरात होतं. घरी यूपीएस नव्हता. वीज जाण्याची वेळ ठरलेली असे, आणि त्याच्या आत मिशन संपवायचं असे.

दादा माउस धरायचा आणि मी शेजारी वही घेऊन बसायचे. नववीत होते. गणिताच्या वहीच्या मागच्या पानांवर मी पहारेकऱ्यांच्या फेऱ्या लिहायचे: मनोऱ्यावरचा इकडे किती अंक मोजेपर्यंत बघतो, बराकीबाहेरचा कुठे थांबतो, कॅमेरा किती वेळात वळतो. गेममध्ये सेव्ह नव्हता, आमचा सेव्ह त्या वहीत होता. दिवे गेले तरी वहीतलं जात नव्हतं. दुसऱ्या दिवशी दादा सुरू करायचा आणि मी नुसते आकडे म्हणायचे, "सहा, सात, आठ, जा." तो जायचा आणि पहारेकऱ्याची पाठ आमच्याकडे असायची. त्या वेळी अंगावर जो काटा यायचा तो मला शंभर शत्रू मारणाऱ्या कुठल्याही गेममध्ये आजवर आलेला नाही. आपण त्या माणसाला ओळखलं होतं, ही भावना होती ती.

आता आतली गोष्ट सांगते. गेममधल्या पहारेकऱ्याला डोळे नसतात. त्याच्या चेहऱ्यापुढे एक न दिसणारा शंकू असतो, लांब जाईल तसा रुंद होणारा. तुम्ही त्यात शिरलात की गेम त्याच्या डोक्यापासून तुमच्या अंगापर्यंत सरळ रेषा टाकून बघतो, मध्ये भिंत-खांब काही आहे का. नसेल तर आत संशयाचा एक मीटर भरायला लागतो. जवळ असाल तर भराभर, लांब असाल तर सावकाश. उभे असाल तर लवकर, वाकलेले असाल तर उशिरा. काही गेममध्ये उजेडही हिशेबात असतो. मीटर थोडा भरला की त्याला संशय येतो, अर्ध्याच्या वर गेला की तो बघायला येतो, पूर्ण भरला की तलवार उपसतो. डिसऑनर्डमध्ये पहारेकऱ्याच्या डोक्यावर पांढऱ्या विजेसारख्या रेघा उमटतात ना, तोच हा मीटर. लाल झाल्या म्हणजे त्याने तुम्हाला पुरतं पाहिलं.

स्टेल्थ गेमचा प्राण या मधल्या पट्ट्यात आहे. दिसलो आणि नाही दिसलो एवढ्या दोनच अवस्था असत्या, तर तो दिव्याच्या बटणाशी खेळल्यासारखा खेळ झाला असता. "कोण आहे तिकडे?" असं म्हणून तो थबकतो, दोन पावलं पुढे येतो, तुम्ही श्वास रोखता, आणि "उंदीर असेल" म्हणत तो वळतो. त्या चार-पाच सेकंदांत तुमच्या मनात जे होतं त्यासाठी माणसं हे गेम घेतात. लोक विचारतात की हे पहारेकरी असे मोठ्याने का बडबडतात, एकट्याने कुणी बोलतं का. पण पहारेकऱ्याला काय ठाऊक आहे हे खेळणाऱ्याला कळलंच पाहिजे, आणि ते कळायला त्याने बोलण्याइतका साधा उपाय दुसरा नाही. त्याच्या मनातलं ऐकू येतंय म्हणून तर तुम्ही त्याच्या एक पाऊल पुढे राहता.

सुरुवातीच्या वर्षांत मी एका गोदामाची लेव्हल बांधली होती. आवारात एक पहारेकरी, मधे पोत्यांच्या थप्प्या, पलीकडे ऑफिसचं दार. पहारेकरी खरा वाटावा म्हणून मी त्याची फेरी दर वेळी वेगळी ठेवली. कधी डावीकडून, कधी मधेच परत. टेस्टिंगला आलेल्या मुलांनी पाच-सात मिनिटं प्रयत्न केला आणि मग सरळ पळत सुटली. बघण्याचा काही उपयोग नाही म्हटल्यावर त्यांनी बघणंच सोडलं. मग मी फेरी कायमची ठरवून टाकली, पण थप्पीच्या कोपऱ्यावर त्याला तंबाखू मळायला थांबवलं. चार सेकंद मळायचा, मग तळहातावर दोन थापा मारायचा आणि चालू लागायचा. बाकी काहीही बदललं नाही. त्याच मुलांनी ती लेव्हल पुन्हा खेळली तेव्हा तिसऱ्या फेरीपर्यंत ती त्या थापांची वाट बघायला लागली होती. एक जण तर थाप ऐकली की डोळे मिटून पुढे सरकायचा. पहारेकरी त्यांच्या ओळखीचा झाला होता. माझ्या कामातला तो सर्वांत मोठा धडा मी त्या तंबाखूकडून शिकले.

याला अपवाद आहे, आणि तो फार सुंदर आहे. २०१४चा एलियन: आयसोलेशन. त्यात मागे लागलेल्या प्राण्याच्या दोन बुद्ध्या आहेत. एकीला तुम्ही कुठे आहात हे कायम ठाऊक असतं, पण ती प्राण्याला फक्त साधारण दिशा सुचवते. दुसरी प्राण्याची स्वतःची. तिला त्याच्या डोळ्या-कानांना जे कळेल तेवढंच कळतं. म्हणून तो सारखा आसपास घुटमळतो, पण फसवून तुमच्या डोक्यावर येऊन पडत नाही. तिथे फेरी पाठ करता येत नाही, तरी ऐकता येतं: छतातल्या पोकळीतून तो सरकतोय की खाली उतरलाय.

ऐकण्याचं निघालं म्हणून थीफबद्दल लिहायलाच हवं. १९९८ हे या प्रकाराचं भाग्याचं वर्ष. त्या एका वर्षात तेन्चू, मेटल गियर सॉलिड, कमांडोज आणि थीफ असे चार गेम आले. बीज त्याआधीचं: १९८१चा कॅसल वुल्फेन्स्टाइन, १९८७चा मेटल गियर. मेटल गियर करणाऱ्या हिदेओ कोजिमांना एमएसएक्स२ या कॉम्प्युटरसाठी लढाईचा गेम करायचा होता, पण त्या यंत्राला पडद्यावर एका वेळी फार शत्रू आणि गोळ्या झेपत नव्हत्या, म्हणून त्यांनी लढण्याऐवजी चुकवण्याचा गेम केला. पण आवाजाला खरी किंमत दिली ती थीफने. गालिच्यावर पाऊल वाजत नाही, फरशीवर वाजतं, लोखंडी जाळीवर तर दणदणतं. पाण्याचा बाण मारून मशाल विझवायची, शेवाळाचा बाण मारून फरशी मऊ करायची. पडद्याच्या तळाशी एक रत्न असतं, तुम्ही जितके उजेडात तितकं ते उजळतं. मी तो पहिल्यांदा खेळले तेव्हा मला आमच्या माडीचा लाकडी जिना आठवला. त्याची चौथी पायरी करकरायची. उन्हाळ्याच्या सुट्टीत दुपारी आजी झोपलेली असताना खाली उतरायचं तर भिंतीला लागून, पायरीच्या अगदी कडेला पाय ठेवायचा, तिथे फळी वाजत नाही. हे कुणी शिकवलं नव्हतं. घर अंगात मुरलं होतं. चांगली स्टेल्थ लेव्हल तासाभरात तुम्हाला त्या घरातलं मूल करून टाकते.

"नुसतं बसून बघायचं" ही तुमची तक्रार सगळ्यांचीच असते, म्हणून त्यावर थोडं थांबते. तुम्ही सातारा जिल्ह्यातले, कुस्तीचं मैदान पाहिलं असेल. आमच्याकडे कुंडलच्या मैदानात मी वडिलांबरोबर जायचे. मोठ्या जोडीच्या कुस्तीत सलामी झाल्यावर बराच वेळ खडाखडीच चालते. हात लावायचा, मान दाबून बघायची, एक पाय पुढे टाकून समोरचा काय करतो ते पाहायचं. नवखा बघणारा ओरडतो, "अरे कुस्ती लावा!" शेजारचा म्हातारा मात्र एक शब्द बोलत नाही, तो पहिलवानाच्या पायांकडे बघत असतो. त्याच्या दृष्टीने कुस्ती केव्हाच सुरू झालेली आहे. तुमचं भिंतीआडचं बसणं ही खडाखडी आहे, आणि खडाखडीत हात लावावा लागतो. नुसतं ताटकळू नका. बाटली फेका आणि कोण वळतं ते बघा. दार उघडं सोडा, कुणाला खटकतं ते बघा. दारापाशी जाऊन किल्लीच्या भोकातून आत डोकवा. कोपऱ्यावरून अंग झुकवून बघा. डिसऑनर्डमध्ये झुकून बघताना पहारेकऱ्यांना तुम्ही सहसा दिसत नाही, ही लेव्हल बांधणाऱ्यांनी तुम्हाला दिलेली मोठी सवलत आहे.

आणि लोड करणं थांबवा. माझं हे मत ठाम आहे आणि त्यावर अनेक जुन्या खेळाडूंशी माझे वाद झालेले आहेत. कुणालाही न दिसता, एकही चूक न करता पूर्ण गेम खेळणारे आहेत, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण ते ती लेव्हल पाचव्यांदा-सहाव्यांदा खेळत असतात. पहिल्याच खेपेला प्रत्येक चुकीनंतर लोड केलं, तर गेमचा सर्वांत चांगला भाग तुम्ही स्वतःच्या हाताने कापून टाकता. दिसल्यावर काय होतं? पळायचं, छपरावर चढायचं, ते शोधतात, दमतात, परततात. पण आता ते सावध आहेत, जोडीने फिरतायत. तोच वाडा आणि तोच रस्ता, पण गणित नवं. २०१५च्या मेटल गियर सॉलिड ५मध्ये तर शत्रू तुमच्या सवयी शिकतात: सारख्या डोक्यात गोळ्या घातल्यात तर पुढे ते हेल्मेट घालून येतात, सारखे रात्री शिरलात तर रात्री दिसणारे चष्मे. आयजीआयमध्ये आम्हाला चूक पुसता येत नव्हती, म्हणून अलार्म वाजल्यावर काळजाचं पाणी व्हायचं, आणि तरीही निसटलो तर तो दिवस आठवडाभर पुरायचा. शॅडो टॅक्टिक्ससारखा २०१६चा गेम मात्र उलट वागतो. तो स्वतःच आठवण करून देतो की सेव्ह करून बराच वेळ झाला. तिथे ते शोभतं, कारण तो बुद्धिबळाच्या कोड्यासारखा आहे, एकेक चाल करून बघायची.

बंदूक असताना लपायचं कशाला, तर लपलात तरच तुम्हाला त्या जगाचं खाजगी बोलणं ऐकू येतं. गोळी झाडली की सगळे शत्रू सारखेच होतात, धावत येणारे. त्याआधी त्यांच्यातला एक घरच्या आजारपणाबद्दल बोलत असतो, दुसरा बढतीवर चिडलेला असतो. डिसऑनर्डमध्ये एकालाही न मारता पूर्ण गेम संपवता येतो, आणि जितकी प्रेतं पाडाल तितके शहरात उंदीर आणि रोगी वाढतात, शेवटही बदलतो. तलवार तुमच्या कमरेला मुद्दाम ठेवलेली आहे. ती वापरायची सोय नसती, तर न वापरण्यात तुमचं काही कर्तृत्व उरलं नसतं.

लपणं मुळीच जमत नसेल, तर दुसरा रस्ता आहे: हिटमॅन. तिथे अंधार लागत नाही, वेष लागतो. मंगल कार्यालयात तुम्ही कधी वाढायला उभे राहिलात का? हातात जिलेबीची बादली असली की तुम्हाला कुणी अडवत नाही. वधूच्या खोलीपासून मुदपाकखान्यापर्यंत कुठेही जा. तुम्ही कुणाचे कोण हे कुणी विचारत नाही. फक्त मुख्य आचाऱ्यासमोर जाऊ नये, कारण त्याला आपली सगळी माणसं तोंडओळखीने ठाऊक असतात. हिटमॅन नेमका असाच चालतो. वेटरचे कपडे घातले की वेटरच्या जागा खुल्या होतात, आणि ज्यांच्या डोक्यावर पांढरा ठिपका दिसतो ते त्या वेषातही तुम्हाला ओळखतात. २०१८च्या हिटमॅन २मध्ये तर एक अख्खी लेव्हल मुंबईची आहे. आपल्याकडची गर्दी, गल्ल्या आणि वरून लोंबणाऱ्या वायरी यात वावरताना मी हातातलं काम सोडून दोन रात्री तिथेच घालवल्या होत्या.

वाईट स्टेल्थही पुष्कळ आहे, त्याला भुलू नका. चांगला मारधाडीचा गेम चालू असताना मधेच एक मिशन येतं: या माणसाचा पाठलाग करा, दिसलात की संपलं. संशयाची मधली अवस्था नाही, निसटायची वाट नाही, शंकू कुठे संपतो ते कळत नाही. तशा गेममुळे कुणाचं मन उडालं तर मी त्याला दोष देणार नाही. स्पॅनिश स्टुडिओने केलेला कमांडोज पंचवीसपेक्षा जास्त वर्षं जुना आहे, पण तो शत्रूच्या नजरेचा हिरवा शंकूच तुमच्यापुढे पसरून ठेवतो, जवळचा भाग एका छटेचा, लांबचा दुसऱ्या. लांबच्या भागात उभा माणूस दिसतो, सरपटणारा दिसत नाही. सगळे पत्ते उघडे, तरी घाम फुटतो.

आता तुम्ही जिथे अडकला असाल तिथलं सांगते. अडीच तासांत म्हणजे बहुधा हाय ओव्हरसियर कॅम्पबेल या धर्मप्रमुखाला हटवायचं मिशन. तो कर्नो नावाच्या कॅप्टनला भेटायला बोलावतो आणि खोलीत दारूचे दोन पेले भरून ठेवलेले असतात, एकात विष. तुम्ही त्यांच्या आधी तिथे पोचू शकता. पेल्यांची अदलाबदल केलीत तर कॅम्पबेल स्वतःच्याच विषाने मरतो. दोन्ही फोडलेत तर तो बेत बदलून कर्नोला दुसरीकडे घेऊन जातो. दोन्हीत विष घातलंत तर दोघेही जातात. तलवार उपसून सगळ्यांना कापून काढता येतंच, पण मग त्या दोन पेल्यांचं काय झालं असतं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आज रात्री तेच मिशन नव्याने सुरू करा. एकदाच सेव्ह करा, अगदी सुरुवातीला. पहिल्या पहारेकऱ्याची फेरी तीन वेळा पूर्ण बघा आणि कुठे थांबतो ते कागदावर लिहा. मग वरच्या वाटेने जा, कारण या पहारेकऱ्यांना मान वर करून बघायची सवय कमी. कुणी पाहिलं तर पळा, लोड करू नका. त्या खोलीत पोचलात की पेले बदला, दिसणार नाही अशी जागा धरा आणि दार उघडण्याची वाट बघा. हेडफोन लावा. जिन्यावरून दोघांचे आवाज येऊ लागतील.